तिची शाल चोरली होती त्याने

आज सोसायटीत मुलांच्या गोष्टींच्या कार्यक्रमात इंडोनेशियातल्या जावा बेटावरची जाका तारूबची गोष्ट झाली. तळं, अप्सरा, शिकारी जाका तारूब, लग्न. शेवटी ती अप्सरा, नावांग वुलान, तान्ही लेक ठेवून आकाशात निघून जाते, तेव्हा मागून एक काकू म्हणाल्या, "किती निष्ठुर आई!" मी गप्प बसले. तेच आता डोक्यात घुमतंय.

अहो, ती तळ्यात आंघोळ करत असताना जाका तारूबने तिची शाल लपवली होती! शालीशिवाय तिला उडता येणार नव्हतं. मग हाच मदतीला आल्यासारखा पुढे आला. याला प्रेमकथा म्हणायचं?

जावातल्या योग्यकर्ता शहराजवळच्या खेड्यात आम्ही ज्या इबूंच्या घरी उतरलो होतो (इबू म्हणजे आई), त्यांनी मला ही गोष्ट चुलीपाशी सांगितली होती. त्यांची लेक मोडक्या इंग्रजीत समजावत होती. नावांग वुलान रोज भाताची एकच लोंबी शिजवायची, घरादाराला पुरायची. अट एवढीच, झाकण उघडायचं नाही. त्याने उघडलं. जादू गेली, बाईच्या हाती मुसळ आलं. कांडून कांडून कणगी रिकामी झाली आणि तळाशी सापडली शाल. इथे इबू झाकणावर हात ठेवून थांबल्या.

भात होतं तोवर चोरी झाकलेली होती. मला ही गोष्ट जमिनीचीच वाटते.

जुन्या गोष्टींना आजचे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. बरं, असेल. पण त्याच जावात भाताची देवी देवी स्री आहे. ती घाबरू नये म्हणून बायका तळहातात लपेल एवढ्या 'आनी-आनी' नावाच्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडायच्या. १९७०च्या दशकात नवी बियाणी आली, विळे आले, कापणीचं काम बायकांच्या हातून निसटलं. पीक वाढलं, हे खरं. आणि जावातल्याच केंदेंगच्या चुनखडीच्या डोंगरांत सिमेंटचा कारखाना आला, तेव्हा पाणी वाचवण्यासाठी २०१६ मध्ये नऊ शेतकरी बायका जकार्तात राष्ट्रपतींच्या वाड्यासमोर सिमेंटमध्ये पाय रोवून बसल्या. मार्च २०१७ मध्ये पुन्हा तसंच आंदोलन झालं. त्यात बसलेल्या पातमी हृदयविकाराने गेल्या.

त्यांनाही कुणी निष्ठुर म्हणालं असेल का, घरदार सोडून आलात म्हणून?

काकूंवर राग नाही आता. त्यांना शेवट कुणी सांगितलाच नाही. इबूंच्या गोष्टीत नावांग वुलान रात्री लेकीला पाजायला खाली येते. नवऱ्याला दिसत नाही. एवढं सांगून इबूंनी झाकण काढलं आणि पहिलं ताट लेकीला वाढलं.