पावित्र्याचा फलक कुणासाठी?

सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने जानेवारी २०२५मध्ये वस्त्रसंहिता जाहीर केली, आणि देवळात काय घालून यावं हा महाराष्ट्रातला जुना वाद पुन्हा तापला. एक बाजू म्हणते, पावित्र्य राखायचं तर नियम पाळलेच पाहिजेत. दुसरी म्हणते, देवाला कपड्यांशी काय देणंघेणं? इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या आम्हा मराठी ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलांना, याचं नवल नाही. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशीही पुरुषांना डोकं झाकावं लागतं, बायकांना खांदे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, काय चालू ठेवावं यावर इथे कायम जुंपलेली असते. १९७६मध्ये लढाऊ विमानांच्या स्वागतसमारंभाने शब्बाथ मोडल्याची तक्रार झाली, आणि त्या भांडणातून पंतप्रधान राबिन यांना राजीनामा द्यावा लागला.

इथला कर्मठ माणूस दाखला देतो तो मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या आमच्या पूर्वजांच्या वाळवंटातल्या चाळीस वर्षांचा: आज्ञा मोडली म्हणून एक अख्खी पिढी वाटेतच संपली. दाखला खरा आहे, पण अर्धा. तोरा या आमच्या धर्मग्रंथातला हा प्रवास नीट वाचला तर आज्ञा कोणावर किती जड होती, हेही तिथेच लिहिलेलं सापडतं.

मान्नाचं, म्हणजे वाळवंटात रोज आकाशातून पडणाऱ्या अन्नाचंच घ्या. माणशी एक ओमेर, म्हणजे एफाचा दहावा हिस्सा, आजच्या मापाने दोन लिटरच्या आसपास. दव उडालं की वेचायचं, कारण ऊन चढलं की ते वितळे. उद्याची सोय म्हणून राखून ठेवलं की किडे पडत, घाण सुटे. शुक्रवारी मात्र दुप्पट वेचायचं आणि शिजवून-भाजून ठेवायचं. तेवढं शनिवारी टिके. तरीही काही जण शनिवारी वेचायला गेलेच. त्यांना काही मिळालं नाही, बोलणी खावी लागली आणि प्रकरण तिथेच मिटलं. ज्याने ओंजळी भरभरून वेचलं त्याचंही माप ओमेरभरच भरलं, ज्याला कमी जमलं त्याचंही तेवढंच. हा नियम साठेबाजीविरुद्ध होता, शब्बाथच्या ताटाजवळ आजही दोन पाव ठेवतात ते त्या दुप्पट वाट्याची आठवण म्हणून.

पावित्र्याचंही तसंच. ‘पवित्र व्हा’ या आज्ञेखाली तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात जी यादी येते, तिच्यात आहे ते असं: शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका, तराजू आणि वजनं खरी ठेवा, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. ‘अनुवाद’ नावाच्या तोरातल्या शेवटच्या पुस्तकात तर छावणी पवित्र राहावी म्हणून हत्यारांसोबत एक खुंटी बाळगायला सांगितलं आहे. शौचाला छावणीबाहेर जायचं, खुंटीने खड्डा खणायचा, वर माती लोटायची. वारीच्या मुक्कामी फिरत्या शौचालयांचा हिशेब करणाऱ्यांना हे वचन दाखवलं पाहिजे.

याच प्रवासात शब्बाथला लाकडं गोळा करणाऱ्या माणसाला दगडांनी ठार केलं, हेही लिहिलेलं आहे. ते गोड करून सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

मात्र वेदीच्या जितकं जवळ जाल तितका नियम कडक होत जातो. याजकाने हातपाय धुतल्याशिवाय आत जायचं नाही, मद्य पिऊन जायचं नाही. मुख्य याजक अहरोनाच्या दोन मुलांनी, नादाब आणि अबीहूने, न सांगितलेला अग्नी धुपाटण्यात घालून नेला. दोघे जागीच जळून मेले. प्रवासाचा पुढारी मोशे, त्याला पाण्यासाठी खडकाशी बोल असं देवाने सांगितलं होतं, त्याने काठीने दोनदा हाणलं. पाणी धो धो आलं, लोक आणि गुरं प्यायली, म्हणजे काम फत्ते झालं होतं. तरीही प्रतिज्ञेच्या देशात पाऊल ठेवायला त्याला बंदी झाली. आपल्याकडे एवढ्यावर कोणत्या अध्यक्षाची खुर्ची गेली असती?

आणि बाहेर ठेवलेल्यांचं काय? प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध ठरलेली माणसं मोशेकडे आली आणि म्हणाली, आम्हालाच वल्हांडणातून, मिसरमधून सुटकेच्या सणातून, का वगळता? मोशेने तिथल्या तिथे निकाल दिला नाही. थांबा, देवाला विचारून सांगतो, म्हणाला. उत्तर आलं: त्यांनी एक महिन्यानंतर, दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, तो सण पाळावा. सलाफहादच्या पाच मुली बापाचा वाटा मागायला उभ्या राहिल्या, तर त्यांचं म्हणणं रास्त ठरलं आणि वारशाचा कायदाच बदलला. कोरह अडीचशे सरदार घेऊन ‘सगळीच मंडळी पवित्र आहे’ म्हणाला, त्याला जमिनीने गिळलं. पण तो स्वतः लेवी, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या कुळातला होता, त्याला याजकपद हवं होतं. वगळलेल्याची तक्रार आणि आतल्याची सत्तेची भूक यांत तोराने फरक केला.

इथल्या धर्मपीठाने, म्हणजे रब्बीनेटने, तो नेहमीच केला असं नाही. १९६२मध्ये मुख्य रब्बीनेटने फर्मान काढलं की बेने इस्राएलांची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची जमेल तितकी मागे चौकशी करावी. कोकणात तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवून ‘शनिवार तेली’ नाव मिळवलेल्यांच्या पावित्र्याची ही चौकशी! बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरल्यावर १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, त्यांच्या बाजूने ठराव केला आणि रब्बीनेटला माघार घ्यावी लागली. अर्थात, कोकणात आम्हीही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असे भेद करून आपसातला बेटीव्यवहार तोडलाच होता.

म्हणून वस्त्रसंहितेला माझा सरसकट विरोध नाही. पण फलकावर भक्ताच्या कपड्यांच्या वर न्यासाचे नियम असावेत: सफाई कामगारांचा पगार कोणत्या तारखेला होतो, दानपेटी कोणासमोर मोजतात, स्वच्छतागृह किती वेळा धुतलं जातं, आणि कोणाला दारातून परत पाठवलं तर त्याने दाद कोणाकडे मागायची आणि उत्तर किती दिवसांत मिळेल.