गल्फला हॉटेलात जायचंय? मग ‘बेसिक’ किती ते विचारा

गल्फला हॉटेलात काम शोधणारा पोरगा एजंटला पहिलं विचारतो, पगार किती. एजंट सांगतो, अठराशे दिरहम. पोरगा मोबाइलवर रुपयांत गुणाकार करतो आणि तिथेच विषय संपतो. माझं म्हणणं असं की या अठराशेला एकट्याला काही अर्थ नाही. त्यातला बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती हे कळल्याशिवाय हो म्हणू नये. पण विचारायला पोरं घाबरतात. जास्त चौकश्या केल्या तर जागा दुसऱ्याला जाईल म्हणून.

मी दुबईत हॉटेल लाइनमध्ये आहे, म्हणून तिथलंच सांगतो. समजा दोघांना अठराशेच मिळतात. एकाचा बेसिक १५०० आणि बाकी भत्ते. दुसऱ्याचा बेसिक ८००, उरलेले खोली, जेवण आणि ‘इतर’ या नावाखाली. महिन्याला दोघांच्या खात्यात सारखेच पैसे पडतात. फरक कळतो ओव्हरटाइमला आणि नोकरी सोडताना. ओव्हरटाइम बेसिकवर काढतात, वर किमान २५ टक्के. म्हणजे ८०० वाल्याचा जादा तास साधारण चार दिरहमांचा आणि १५०० वाल्याचा पावणेआठचा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही बेसिकवरच: वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. एकाला वर्षाचे १०५०, दुसऱ्याला ५६०. आणि यात मालकाने कुठलाही कायदा मोडलेला नसतो! यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, परदेशी कामगारांसाठी किमान वेतन ठरवलेलंच नाही. कतारने मार्च २०२१ पासून ते लागू केलं: १००० रियाल बेसिक, आणि कंपनीने सोय केली नाही तर खोलीचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे. त्यामुळे ‘गल्फमध्ये असं असतं’ असं सरसकट सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. सहा देश आहेत, प्रत्येकाचा कायदा वेगळा.

दुसरी गोष्ट ड्युटी. यूएईच्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. हॉटेलात मात्र बऱ्याच ठिकाणी ब्रेक ड्युटी असते. अकरा ते तीन, मग संध्याकाळी सहा-साडेसहापासून पुढे. मधले तीन तास विश्रांतीचे, कागदावर. आता हॉटेल शहरात करामा भागात आणि खोली लांब सोनापूरच्या कामगार वस्तीत असेल, आणि कंपनीची गाडी दुपारी जात नसेल, तर जुलैच्या उन्हात ते तीन तास काढायचे कुठे? पोरं स्टोअरमध्ये पुठ्ठा टाकून पडतात. सकाळी दहाला निघालेला माणूस रात्री एकला खोलीवर येतो आणि हिशेबात त्याचे तास आठच भरतात. म्हणून मुलाखतीत विचारायचं: ड्युटी सलग की ब्रेक, खोली कुठे, एका खोलीत किती जण, गाडी किती वाजता. रात्री दहानंतरच्या ओव्हरटाइमला ५० टक्के जादा मिळतात हे ऐकून हुरळून जाऊ नका, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना तो नियम लागू नाही.

पदाचं नावही नीट वाचा. आपल्याकडे स्टुअर्ड म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणारा. तिथे किचन स्टुअर्ड म्हणून सही केलीत तर भांडी आणि फरशी तुमची. काम वाईट नाही, पण हॉटेल मॅनेजमेंट करून गेलेल्या पोराला विमानातून उतरल्यावर ते कळू नये.

आता व्हिजिट व्हिसाचं. ‘ये तू व्हिजिटवर, आल्यावर बघू’ हे एजंटपेक्षा आपलीच माणसं जास्त सांगतात. मावसभाऊ, गावचा कोणी. मनात वाईट काही नसतं, पण व्हिजिटवर काम करणं बेकायदेशीर आहे, अगदी ‘तीन दिवस ट्रायल दे’ म्हणून फुकट राबवून घेतात तेसुद्धा. २०२४ मध्ये यूएईने परमिटशिवाय माणसं ठेवणाऱ्या मालकांचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम केला. त्या धाकाने काही मालक सुधारले आणि काहींनी तीच पोरं पुढच्या टेबलांवरून काढून मागे किचनमध्ये नेली. पैसे बुडाले तर सांगायचं कुणाला? तुम्ही तिथे कामाला आहात याचा कागदच नसतो. व्हिजिटवर जाऊन मुलाखती द्यायच्या असतील तर निदान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, थंडीच्या सीझनसाठी भरती तेव्हा सुरू होते. रमजानमध्ये जाऊन फिरण्यात अर्थ नाही.

पैशांचं थोडक्यात. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड-दोन लाख मागणाऱ्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा, बहुतेक सापडणार नाही. यात एक गंमत आहे. दहावी नापास पोराच्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का असतो, त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर जाताना त्याला ती मंजुरी आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा घ्यावाच लागतो. दहावी पास झालेल्याला ही सक्ती नाही, म्हणून तो यातलं काहीच न करता विमानात बसतो. शिकलेलाच जास्त उघड्यावर पडतो.

आणि कौशल्याचं म्हणाल तर सर्टिफिकेटांच्या थप्प्या घेऊन जाऊ नका. तंदूर नीट सांभाळणारा, शंभर जणांच्या गर्दीत एक सेक्शन एकट्याने काढणारा, असा माणूस कुठल्याही किचनला हवाच असतो. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी बोला. किचनमध्ये हिंदी आणि मल्याळम चालते, पण सर्व्हिसमध्ये फिलिपिनो पोरं-पोरी तुमच्या पुढे जातात ती बोलण्यावर आणि हसतमुख वागण्यावर. तिथे गेल्यावर दुबई म्युनिसिपालिटीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फूड आउटलेटला लागणारं पीआयसी (पर्सन इन चार्ज, म्हणजे अन्नसुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस) सर्टिफिकेट काढा. पगार वाढवून मागताना ते कामाला येतं.

ऑफर लेटर मराठीत मिळत नाही, हिंदीत मिळतं. मागून घ्या, घरी बसून वाचा, मग सही करा. कुणाला शंका असेल तर बेसिकचा आकडा दिसेल असा त्या पानाचा फोटो मला पाठवा, रात्री ड्युटी संपली की बघतो. पासपोर्टचा फोटो पाठवू नका, मलाही नको आणि दुसऱ्या कुणालाही नको.