बेसलाइन कुठल्या ऋतूतली?

रेल्वेरुळांतल्या तडा ध्वनिलहरींनी शोधण्यावरच्या लेखात म्हटलंय की रुळावर सेन्सर कायमचे चिकटवायचे, सुरुवातीला निरोगी रुळाचा सिग्नल साठवायचा (हीच बेसलाइन) आणि पुढे रोजचा सिग्नल त्यातून वजा करायचा. जे उरेल ती तड. कागदावर झकास. पण बेसलाइन घेणार कधी? जानेवारीतल्या पहाटे की मे महिन्यातल्या दुपारी?

मी बरीच वर्षं यूएसएफडीची, म्हणजे अल्ट्रासॉनिक लहरींनी रुळातले दोष शोधणारी, ट्रॉली ढकलली आहे, विदर्भात. दुपारी रूळ साठ अंशांच्या वर जातो, हात टेकवता येत नाही. प्रोब (लहर सोडणारा आणि टिपणारा भाग) रुळाला नीट जोडला जावा म्हणून त्याखाली सोडलेलं पाणी बघता बघता उडून जातं आणि स्क्रीनवरचा इको गायब. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५९०० मीटर, तापला की थोडा कमी होतो. प्रोबमधलं पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक) तर त्याहून जास्त बदलतं, त्यामुळे रुळात ७० अंशांच्या कोनात लहर सोडणारा प्रोब उन्हात ७० चा राहतच नाही! म्हणून कॅलिब्रेशनचा ब्लॉकही (ज्यावर यंत्र जुळवून घेतात तो पोलादी ठोकळा) रुळाशेजारी उन्हात ठेवायचा, सावलीत नाही.

तापमानाप्रमाणे सिग्नल ताणून-आक्रसून जुळवता येतो, किंवा वेगवेगळ्या तापमानांच्या बऱ्याच बेसलाइन साठवता येतात, हे मान्य. पण उन्हात प्रसरण पावू पाहणारा रूळ दाबाखाली असतो, तडेची तोंडं मिटतात आणि लहर आरपार निघून जाते. थंडीत रूळ आक्रसतो, तीच तड उघडते. रूळ तुटतात तेही बहुतेक थंडीच्या रात्री-पहाटे. म्हणजे इथे नुसतं गणित नाही, तडच बदलते. यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.