लाइट गेली म्हणून ऑक्सिजनवर नेलर?

सांगलीत फर्निचरचं काम शिकणाऱ्या भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला. 'जुन्या मिस्त्रींची पाच गुपितं, नेलर कधीच बंद पडणार नाही.' नेलर म्हणजे नेलगन, कंप्रेसरच्या हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी. खाली त्याचा प्रश्न, "मामा, पहिलं करून बघू का?" जुना मिस्त्री असलं काही सांगत नसतो, त्याची दहाही बोटं शाबूत असतात ती त्यामुळेच.

पहिलं गुपित असं: लाइट गेली, कंप्रेसर बंद पडला, तर वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनचा सिलिंडर आणा, गन त्यावर मस्त चालते. अरे बाबांनो, याच फॉरवर्डमध्ये पाचवं गुपित 'रोज तेल सोडा' आहे! आत तेलाने माखलेला पिस्टन, त्यावर दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन. याला पेटायला काडी लागत नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या यंत्रावर, 'तेल लावू नका' उगाच लिहिलेलं नसतं. शहाणा वेल्डर तेलकट हाताने वॉल्व्हला शिवतसुद्धा नाही. त्यात भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब १५० बारच्या आसपास आणि आपली गन ५ ते ८ बारची. रेग्युलेटरने दगा दिला तर ती फुटणार, तीही हातातच. लाइट गेली तर हातोडी घ्या, नाहीतर चहाला जा.

दुसरं: नाकाची सेफ्टी (खिळा सुटतो ते टोक लाकडावर दाबल्याशिवाय गन चालू न देणारा अडसर) तारेने मागे बांधा, काम पटापट उरकतं. उरकतंच. मग बोट ट्रिगरवर असताना नळीत पाय अडखळला, की खिळा कुठे जाईल ते देव जाणे. अमेरिकेतल्या नायोश आणि ओशा या सरकारी संस्थांची नेलगनवर २०११ची पुस्तिका आहे. तिच्यात दिलंय की घरबांधणीतल्या शिकाऊ सुतारांपैकी पाचात दोघांना चार वर्षांत नेलगनची इजा झाली. ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि नाक टेकवत ठोकत जायचं, अशा गनमध्ये धोका दुप्पट. आधी नाक, मग दर खिळ्याला नव्याने ट्रिगर, ही गन त्यातल्या त्यात बरी.

मी रोज सकाळी काय करतो ते सांगतो. नळी जोडण्याआधी खिळे काढतो, नाक अंगठ्याने दाबून सोडतो. ते चटकन परत आलं पाहिजे. भुसा अडकला असेल तर रेंगाळतं. मग नळी जोडून, ट्रिगरला बोट न लावता, नाक फळकुटावर दाबतो. गन चालता कामा नये. मग नाक उचलून, तोंड जमिनीकडे ठेवून, नुसता ट्रिगर. तरीही नाही. दोन्ही मिळूनच 'ठक्' झालं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं, तरी गन दुरुस्तीला.

तिसरं गुपित, खिळा अडकला तर 'दोनतीनदा ट्रिगर मारा' म्हणे. आधी नळी काढा, मग पक्कड. आणि चौथं, 'प्रेशर दहा बारवर न्या'? गनवर लिहिलेला आकडा वाचा, विषय संपला.

तेलाचं मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. हवेच्या तोंडात रोज दोनचार थेंब हवेतच. पण ते न्यूमॅटिक टूलचं तेल, फॉरवर्डमधलं खोबरेल नव्हे. डिसेंबरात बाटलीत थिजतं ते गनमध्ये काय वेगळं वागणार?

भाच्याला लगेच फोन लावला. सिलिंडर आणला नव्हता. सेफ्टी मात्र तारेने बांधून झाली होती, आठवडा झाला म्हणाला. तार काढल्याचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही.