तिसऱ्या घंटेआधी हातात एक कागद

मुंबईतल्या माझ्या नाटकवेड्या मित्रांमध्ये सध्या एक वाद रंगलाय आणि तो फोनवरून इथे लंडनला माझ्यापर्यंत पोहोचलाय. वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, 2023 साली दोन हजार आसनांचं भव्य थिएटर उघडलं, तेव्हापासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची आणि लंडनच्या वेस्ट एंडची म्युझिकल्स तिथे दौऱ्यावर येऊ लागली आहेत. असाच एक प्रयोग पाहून आलेल्या मित्राचं म्हणणं असं, की परदेशी नाटकाला छापील प्रोग्राम, म्हणजे कलाकारांच्या नावांची पुस्तिका असते, मग आपल्या शिवाजी मंदिरातल्या प्रेक्षकाच्या हातात साधी श्रेयनामावली का पडू नये? दुसरा म्हणाला, कागदाची नासाडी कशाला, दारात क्यूआर कोड चिकटवा. तिसरीनं दोघांनाही गप्प केलं: आधी नाट्यगृहांची स्वच्छतागृहं सुधारा, मग काय छापायचं ते छापा.

मी पहिल्याच्या बाजूचा आहे. पण इथला, लंडनचा प्रोग्राम उचलून दादरला न्यावा, असं मला मुळीच वाटत नाही.

इथे वेस्ट एंडमध्ये प्रोग्राम विकत घ्यावा लागतो, काही पौंडांना. मोठ्या म्युझिकलची गुळगुळीत चित्रपुस्तिका घ्यायची तर त्याहून कितीतरी जास्त. न्यूयॉर्कची तऱ्हा वेगळी. तिथलं ‘प्लेबिल’ 1884 साली सुरू झालं आणि आजही ब्रॉडवेवर ते फुकट मिळतं. खर्च जाहिरातींतून निघतो. अमेरिकेतल्या इतर शहरांत तीच नाटकं दौऱ्यावर जातात, तेव्हा मात्र कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी कागद गेला आणि क्यूआर कोड आला. म्हणजे आपल्याकडे आत्ता जे बोललं जातंय, त्यातून परदेशी रंगभूमीही सुटलेली नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाकडून कलाकारांची नावं वाचायचे पुन्हा वेगळे पैसे घ्यावेत, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही पटलेलं नाही.

या पुस्तिकेतली एकच गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती पुस्तिकेचा भागही नसते. मुख्य भूमिकेतला नट आजारी पडला, की प्रोग्रामच्या पानांत एक पांढरी चिठ्ठी सरकवलेली असते. तळहाताएवढी, कधी कधी तर कापताना तिरकी झालेली. त्यावर दोनच ओळी: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक नट करील. एरवी मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलीचं नाव त्या दिवशी त्या चिठ्ठीवर येतं, ती चिठ्ठी प्रेक्षकाबरोबर घरी जाते, कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं राहते. चकचकीत पुस्तिका हंगामभर तीच असते, तिच्यावर बहुधा त्या दिवसाची तारीखही नसते. त्या संध्याकाळचा खरा पुरावा ती चिठ्ठीच.

आपल्या रंगभूमीला खरी गरज आहे ती याच चिठ्ठीची. मराठी व्यावसायिक नाटक मुळातच दौऱ्याचं नाटक आहे. आपल्याकडे नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकून बसत नाही. शनिवारी दुपारी ठाण्याचं गडकरी, रात्री पार्ल्याचं दीनानाथ, रविवारी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पुढच्या आठवड्यात पुणे, मग कोल्हापूर-सांगली. नट मालिकेत अडकतो, रिप्लेसमेंट येते, तिचीही रिप्लेसमेंट येते. पेपरातल्या जाहिरातीत आणि बाहेरच्या फलकावर बऱ्याचदा जुनाच फोटो. नव्या मुलानं चार दिवसांत अख्खी भूमिका पाठ करून, जेमतेम दोन तालमींवर प्रयोग उभा केलेला असतो आणि टाळ्या वाजवून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला त्याचं नाव माहीत नसतं. हे मला फार लागतं.

‘पण आपल्याकडे घोषणा होते ना,’ असं मित्र म्हणतात. होते. तिसरी घंटा, अंधार, ‘रसिकहो, सादर करीत आहोत...’ हे ऐकलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्या आवाजाची सर कुठल्याही पुस्तिकेला यायची नाही. इथे लंडनमध्ये लेखकाचं नाव असं मानानं, मोठ्यानं उच्चारलं जात नाही. पण घोषणा होते तेव्हा सभागृहात काय चाललेलं असतं ते आठवा. उशिरा आलेले लोक बॅटरीच्या उजेडात एच रांग शोधतायत, कुणीतरी उठून वाट देतंय, वेफर्सची पिशवी वाजतेय. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा एका दमात येतात आणि जातात. प्रयोगादरम्यान वाटलं, हा प्रकाश कुणी केलाय, तर मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभ्या माणसाला ते विचारायची सोय नाही.

आणि घोषणेतही जे येत नाहीत, किंवा ‘रंगमंच व्यवस्था’ या दोन शब्दांत आटोपतात, त्यांचं काय? टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे सेटच्या रंगवलेल्या चौकटी, उतरवणारे, दोन-तीन तासांत सेट लावून प्रयोग संपताच तो काढून पुन्हा टेम्पोत चढवणारे, कपडेपट सांभाळणारे, विंगेत काळोखात चहाचा कप बरोबर क्षणाला नटाच्या हातात देणारे. लग्नपत्रिकेत आपण चुलत, मावस, शेंडेफळ धरून सगळ्यांची नावं छापतो. नाटकाच्या कुटुंबाला तेवढाही कागद मिळत नाही.

आता जपणुकीबद्दल. लंडनमध्ये गॅब्रिएल एन्थोव्हेन नावाची एक बाई होऊन गेली. नाटकांची हँडबिलं आणि प्रोग्राम ती जमवत राहिली. 1924 साली तिनं ऐंशी हजारांहून अधिक कागदांचा तो संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिला आणि 1950 मध्ये निधन होईपर्यंत त्यात भर घालत, नोंदी करत राहिली. या शहराच्या नाट्येतिहासाचा मोठा आधार म्हणजे प्रेक्षक सहसा टाकून देतात असे हे कागद.

आणि आपल्या मुंबईतलं परळचं दामोदर नाट्यगृह पाहा. 1922 साली उभं राहिलं, गिरणगावातल्या कामगारांचं हक्काचं. कामगार रंगभूमी तिथे वाढली, कोकणातल्या मंडळींचं नमन आणि शक्तीतुरा या लोककलांचा खेळ तिथे रात्र-रात्र चालला. पुनर्विकासासाठी 2023 च्या अखेरीस ते बंद झालं, तेव्हा कलावंतांनी आंदोलन केलं, ते योग्यच होतं. पण शंभर वर्षांत त्या रंगमंचावर कोण कोण उभं राहिलं हे आज सांगायचं म्हटलं, तर आपल्याजवळ काय आहे? जुन्या पेपरांतल्या जाहिराती, काही घरांतली हँडबिलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. इमारत पुन्हा बांधता येईल. गावाहून येऊन गिरणीत पाळी करणारा आणि रात्री मृदंग वाजवणारा माणूस कुठे लिहिलेला नसेल, तर तो गेला.

क्यूआर कोडला माझा विरोध याच कारणानं आहे. नाटक बंद झालं, निर्मात्यानं संकेतस्थळाचे पैसे भरणं थांबवलं, की दुवा मेला. शिवाय सभागृहात मोबाइल वाजले म्हणून आपल्या नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यावर हळहळतो. त्याच प्रेक्षकाला ‘नावं हवीत तर फोन काढा’ म्हणायचं? आणि शनिवारच्या दुपारच्या प्रयोगाला येणाऱ्या सत्तरीच्या आजी-आजोबांचं काय? मराठी नाटकाचं बुकिंग बऱ्याच अंशी त्यांच्यावरच उभं आहे.

कागदाच्या नासाडीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, म्हणून मला पुस्तिका नकोच. एक ए-फोर कागद, मधून दुमडलेला, काळ्या शाईत. वर नाटकाचं नाव, नाट्यगृह, तारीख, वेळ, प्रयोग क्रमांक. आत त्या दिवशी रंगमंचावर असणारे सगळे आणि विंगेत असणारेही सगळे. प्रत्येक खुर्चीवर नको. दारात गठ्ठा ठेवा, ज्याला हवा तो घेईल. मागच्या पानावर सराफाची किंवा मसालेवाल्याची जाहिरात घ्या, खर्च निघेल. शंभराव्या, पाचशेव्या प्रयोगाला जाडजूड स्मरणिका काढायला आपल्याकडे जाहिरातदार मिळतातच की. आणि मुंबईतच, नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीला छापील टिपण हातात येतं, तेव्हा हा परदेशी थाट आहे असंही म्हणता येणार नाही.

दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही सगळी महापालिकेची नाट्यगृहं. प्रत्येक प्रयोगाच्या कागदाच्या दोन प्रती कार्यालयात फाइलला लावायच्या, एवढा नियम निर्मात्याला प्रयोगाची तारीख देतानाच घालता येईल. दहा वर्षांत त्या फायलींतून जे उभं राहील, ते मुंबईतल्या कुठल्याही ग्रंथालयात आज नसेल.

राहिला स्वच्छतागृहांचा प्रश्न. ती मैत्रीण शंभर टक्के बरोबर आहे. मध्यंतरात बायकांची रांग पाहून मलाही दर वेळी लाज वाटते. त्यासाठी पालिकेच्या मागे लागायलाच हवं, निविदा निघतील, वेळ जाईल. या कागदाला मात्र निविदा लागत नाही. येत्या शनिवारी, एखाद्या निर्मात्यानं मनावर घेतलं तर, शिवाजी मंदिराच्या दारात तो ठेवता येईल.