निष्ठा कुणावर?

आज विभागाच्या बैठकीत एक शब्द ऐकला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. निष्ठा.

आमच्या एका सहकारी मैत्रिणीला दुसऱ्या विद्यापीठातून बोलावणं आलंय. वय चव्वेचाळीस, पंधरा वर्षांची नोकरी, तीन विद्यार्थी पीएच.डी.च्या अधेमधे. तिने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. ती खोलीत नसताना एक ज्येष्ठ सर म्हणाले, "संस्थेने एवढं घडवलं, आणि आता निष्ठा म्हणून काही उरली नाही." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आलाय, म्हणून हे लिहितेय.

अकरा वर्षांपूर्वी मी तिच्याच जागी होते. मुलाखत आटोपल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते लोक मला इमारत दाखवत होते. कॉरिडॉरमधली बहुतेक दारं उघडी. एका खोलीत दोघं जण फळ्यासमोर उभे, एका समीकरणातल्या एका चिन्हावरून हमरीतुमरीवर आलेले. एकाची बाही कोपरापर्यंत खडूने पांढरी झालेली. त्याने मला दारातूनच हाक मारली, "मॅडम, तुम्ही सांगा, इथे ऋण हवं की धन?" पुढचा अर्धा तास मी त्या फळ्यासमोर होते. पर्स खांद्यालाच होती, खाली ठेवायचंही सुचलं नाही. आमच्या विभागात असं मला कुणी कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं.

ऑफर लेटर चौदा दिवस टेबलाच्या खणात पडून होतं. पंधराव्या दिवशी नाही कळवलं. विभागप्रमुख म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही गेलात तर विभाग बसेल." माझा विश्वास बसला. मुळात मला तो बसवून घ्यायचा होता.

वर्षभरात ते सर स्वतः दुसरीकडे रुजू झाले. विभाग काही बसला नाही. दोन वर्षांनी माझ्या प्रयोगशाळेची अर्धी जागा काढून घेतल्याचं पत्र आलं. त्यात माझं आडनाव चुकलं होतं.

कुठली निष्ठा, सांगा ना! संस्था म्हणजे काही माणूस नाही. तिला आठवण नसते. पद भरलं जातं, खोलीच्या दारावरची पाटी बदलते. निष्ठा ठेवायची तर विषयावर ठेवावी, विद्यार्थ्यांवर ठेवावी, ज्या दोनचार माणसांशी बोलताना डोकं चालतं त्यांच्यावर ठेवावी. जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना १९९५ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने खालच्या पदावर ढकललं. त्यांनी एमआरएनएवरचं संशोधन, ज्यातून पुढे कोविडच्या लसी आल्या, सोडलं नाही, २०१३ मध्ये बायोएनटेक या जर्मन कंपनीत गेल्या, २०२३ मध्ये नोबेल मिळालं. आनुवंशिकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४१ मध्ये मिसूरी विद्यापीठ सोडलं, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या संशोधन संस्थेत गेल्या आणि मक्याच्या दाण्यांवरचं आपलं काम चालू ठेवलं. त्यांच्यात निष्ठा नव्हती असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

हो, दर दोन वर्षांनी ऑफर आणून पगार वाढवून घेणारेही असतात, आणि त्यांच्या मागे इतरांवर तासांचा बोजा पडतो. मान्य. पण ही त्यातली नाही.

या वयात जाणं किती अवघड असतं, ते त्या माना डोलावणाऱ्यांना ठाऊक नाही का? तिशीत माणूस दोन बॅगा उचलून निघतो. पंचेचाळिशीत निघायचं तर जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील. त्यात चालू प्रकल्पाचा निधी बहुतेक ठिकाणी संस्थेच्या नावावर असतो, त्यातून घेतलेली उपकरणंही संस्थेची. ती हलवायची तर दोन्ही संस्था आणि निधी देणारे, तिघांचीही संमती लागते. लेसर, आरसे, पंप पुन्हा मांडून पहिलं धड मोजमाप हाती येईपर्यंत वर्ष कुठे गेलं कळत नाही. ज्येष्ठता शून्यापासून. कायम पद पहिल्या दिवसापासून मिळणार का, हे लेखी घेतलं नाही तर पुन्हा परिवीक्षा. एवढं सगळं समोर असूनही बाई जायचा विचार करतेय, तर इथे तिला काय मिळत नाही हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही.

चहा घेऊन आले, आता जरा शांत झालेय. मी राहिले ते सगळंच वाया गेलं असं मला म्हणायचं नाही. तेव्हा माझे चार विद्यार्थी होते. ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त जीव अडकला होता, तो सहा महिन्यांत नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला. खूप लागलं होतं. आज वाटतं, बरोबर केलं त्याने. पण दुसरी एक होती. व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, संपल्यावर बाहेर आली, एक शब्द बोलली नाही, माझा हात धरून नुसती उभी राहिली. तो हात मी कुठल्याही फळ्याच्या बदल्यात देणार नाही.

राहूनही माणूस नवा होऊ शकतो, हेही खरं. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत शिकागो विद्यापीठातच राहिले, पण दर काही वर्षांनी संशोधनाचा विषयच नवा घ्यायचे. मी मात्र राहिले आणि विषयही तोच ठेवला. खंत आहे ती याची. विद्यार्थ्यांसाठी राहिले असते तर ती निवड होती. "विभाग बसेल" या वाक्यासाठी राहिले, ती माझी चूक.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली होती. "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?" मी तिला फळ्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, एकदा त्यांना न कळवता जा. साध्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी. कॉरिडॉरमध्ये तासभर बस. दारं उघडी आहेत का बघ, कोण कुणाशी काय बोलतंय ते ऐक. पगाराचा आकडा पत्रात लिहिलेलाच असतो, हे लिहिलेलं नसतं. आणि जायचं ठरलं तर आधी बिनपगारी रजेचं विचार, जमलं तर वर्षभर राहून बघता येतं.

ती म्हणाली, "आणि माझी तीन मुलं?" डोळे भरले होते तिचे.

अकरा वर्षांपूर्वी या प्रश्नाला मला कुणी उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, शुक्रवारपर्यंत तुला कळवायचंय ना, मग उद्या सकाळी तिघांचे आराखडे घेऊन ये. ज्यांना इथेच राहायचं असेल त्यांच्या अर्जावर सहमार्गदर्शक म्हणून मी सही करते. एकाचा विषय मला नीटसा येत नाही, पण शिकेन मी तो.