साहेब व्हायचंय? आधी संस्थेत जा

शिक्षण खात्यात वरच्या खुर्चीवर बसायचं असेल तर केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा नाद सोडा. ते साध्या माणसांचं काम. बीईओ, म्हणजे तालुक्याचा गट शिक्षणाधिकारी व्हायचं म्हणून पोरं धारवाडात खोल्या घेऊन वर्षानुवर्षं पुस्तकं उपसत बसतात. तुम्ही तोवर 'सल्लागार', 'मिशन प्रमुख' असं काहीतरी होऊन त्याच बीईओंना समोर बसवून जाब विचारत असता. मार्ग सोपा आहे. परवा ऐन पावसात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम भागातल्या आमच्या मराठी शाळेत असे एक साहेब येऊन गेले. सकाळभर त्यांना समोरून बघितलंय, त्यामुळे सगळा अभ्यासक्रम तोंडपाठ झालाय. घ्या लिहून.

सुरुवात स्वयंसेवी संस्थेतून करा. एखाद्या गावात एक वर्ष काढा. एकच हं. जास्त काढलंत तर तिथंच मास्तर होऊन बसाल आणि मग साहेब आले की त्यांच्यासाठी खुर्च्या पुसाल. गाव लांबचं बघा, शाळा गळकी बघा आणि एक मुलगा हेरून ठेवा, ज्याची गोष्ट पुढं जन्मभर भाषणात सांगता येईल. आमच्या साहेबांचा मुलगा रायचूरकडचा होता. शेळ्या राखायचा. साहेबांनी त्याला पहिलं अक्षर दाखवलं आणि त्याचे डोळे चमकले म्हणे. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "मग आता काय करतंय ते पोरगं?" साहेब पाण्याची बाटली उघडायला लागले.

कुर्ता सोडू नका. वर फक्त जॅकेट चढवा.

दाखले परदेशातले ठेवा. अमेरिकेत 'टीच फॉर अमेरिका' नावाची संस्था 1990 पासून कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना दोन वर्षं गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवते. तिथून वर गेलेले केव्हिन हफमन 2011 मध्ये टेनेसी राज्याचे शिक्षण आयुक्त झाले. जॉन व्हाइट 2012 ते 2020 लुईझियानाचे शिक्षणप्रमुख होते. आता टेनेसी कुठं आणि आमच्या खानापूरची कणकुंबी कुठं, हे विचारायची पालकांची टाप नसते. शिवाय त्या दोघांनी निदान दोन वर्षं वर्गात खडू धरला होता, हा तपशील गाळलात तरी चालतो.

एक आकडा पाठ करा. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. मुलांना वाचता येतं का ते घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीचे अहवाल 2005 पासून हे सांगतायत, खरंच सांगतायत, त्यात खोट नाही. तुम्ही ते वाक्य असं म्हणा, की ऐकणाऱ्याला वाटावं दोष समोर उभ्या असलेल्या मास्तरांचाच. पाचही वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात का पडलेत, या प्रश्नाला वेळ संपत आला की पोचा.

जमिनीवर मुलांसोबत मांडी घाला. फोटो निघाला की उठा.

मराठी शाळांचं काय होणार म्हणून कुणी आवाज चढवेल, याची धास्ती तर अजिबात बाळगू नका. आमचे पुढारी 1 नोव्हेंबरला, हा भाग कर्नाटकात घातल्याचा निषेध म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देतात आणि 2 तारखेला पोराला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून येतात. तुमच्या वाटेत कोण येणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'पालक संवाद'. याच्याशिवाय करिअरला रंग चढत नाही. संवाद ठेवायचा तर भाताची रोपलावण चालू असताना ठेवा. शेतात चिखल करून ठेवलाय, बायका सांगून ठेवल्यात, पाऊस धरून आहे, अशा वेळी सीआरपीकडून, म्हणजे आसपासच्या शाळांवर नेमलेल्या खात्याच्या माणसाकडून निरोप धाडा, की शाळा सुधारणा समितीचे सगळे सभासद आणि प्रत्येक घरातला एक माणूस सकाळी आठला हजर पाहिजे. तुम्ही अकरा वाजता या. तोवर मुलं व्हरांड्यात रांगेत उभी. व्हरांड्यावरचं कौल निसटलेलं, त्याखाली बादली ठेवलेली. ती बादली बॅनरच्या फोटोत येते म्हणून तुमचा माणूस ती उचलून वर्गात नेऊन ठेवेल. मग पाणी सरळ पहिलीतल्या पोरींच्या डोक्यावर. त्या हसतात. लहान आहेत, त्यांना पावसाची मजा वाटते. बघणाऱ्याला वाटत नाही.

आत भिंतीवर पडदा. त्यावर कन्नड आणि इंग्रजीत चौकोन, बाण, वर्तुळं. 'समुदायाची मालकी' की कायसं. शाळा तुमची आहे, तुम्ही पुढं आलं पाहिजे, सरकार किती करणार, असं साहेब सांगत होते आणि शेजारी बसलेला अनुवादक त्यातलं निम्मं मराठीत आणत होता. ही शाळा आमची आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको. भिंतीचे दगड आमच्या आज्यांनी डोक्यावरून वाहिलेत. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं आम्हीच चाळतो. अतिथी शिक्षकाचं मानधन रखडलं तेव्हा घराघरातून वर्गणी काढून त्याला टिकवला, तोही शेवटी गोव्याला गेला. आणखी किती पुढं येऊ? फळ्यासमोर येऊन उभा राहू? राहतो, मला बेचा पाढा येतो.

आणि मग तो अर्ज. शाळेला दुसरा शिक्षक द्या, एवढाच मजकूर. मुख्याध्यापक म्हणजे तेच एकटे गुरुजी. सकाळी दूध पाजायचं, मग हजेरी भरायची, आहाराची नोंद करायची, ऑनलाइन माहिती चढवायची, रेंज मिळत नाही म्हणून डोंगराच्या कडेला जाऊन उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात पाच वर्ग सांभाळायचे. बैठक असली की शाळेला कुलूप. साहेबांनी अर्ज हातात घेतला, वरची ओळ बघितली, मागं उभ्या असलेल्या माणसाकडे दिला. तो म्हणाला, "कन्नडदल्ली बरेदु कोडी." म्हणजे कन्नडात लिहून द्या. झालं. अर्ज परत माझ्या हातात, तोही ओला.

कन्नड आम्हाला येतं हो. बाजारात, बँकेत, तहसीलदार कचेरीत तेच बोलतो, भांडतोही त्यातच. कन्नडवर राग नाही, सोयरीकसुद्धा आहे. पण मराठी शाळेच्या मराठी पालकांनी मराठी शाळेच्या अंगणात दिलेला अर्ज मराठीत चालत नाही? जिथं अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे आम्ही घरी बसून ठरवलेलं नाही. भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणात ते लिहिलंय. 1949 सालीच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं असली तर त्यांच्या मातृभाषेतून शिकवणारा शिक्षक द्यायचा. 1956 मध्ये आम्हाला इकडं टाकलं त्याच साली घटनेत कलम 350-ए आलं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. आणि ही सगळी भाषेची भानगड बाजूला ठेवा. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्काचा कायदा तर कन्नड शाळेलाही आहे, मराठीलाही आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असली तरी शिक्षक दोन हवेत. दोन! यात समुदायाची मालकी कुठं आली? हा तुमच्या टेबलावरचा कागद आहे, तुमच्या सहीचा.

संस्थेतून आलेला प्रत्येक माणूस असाच असतो असं नाही, आणि संस्थांकडून सरकारनं काही घेऊच नये असंही नाही. याच राज्यात 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले सरकारी मास्तर आंध्रातल्या ऋषी व्हॅलीतल्या संस्थेचं काम बघून आले, युनिसेफनं हात दिला, आणि त्यांनी स्वतः बसून कार्डं तयार केली. त्यातून 'नली-कली' ही खेळत शिकवायची पद्धत उभी राहिली. पुढं ती राज्यभर गेली. एका मास्तराला एकाच खोलीत वेगवेगळ्या इयत्तांची मुलं शिकवायला लागतात, ही अडचण त्यांनी धरली, कारण ती त्यांनी रोज भोगलेली होती. त्या मास्तरांपैकी किती जणांची नावं कुणाला ठाऊक आहेत? जॅकेट घालून ते कुठं मिरवले नाहीत.

तर साहेब, सल्ले पुरे झाले. आता तुम्हालाच सांगतो. तुम्ही एकेकाळी खरंच त्या रायचूरच्या गावात राहिला असाल, शेणानं सारवलेल्या जमिनीवर झोपला असाल, तर एका मास्तराची शाळा म्हणजे काय हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. न कळणाऱ्याला माफ करता येतं. तुम्हाला कळतं, आणि तरी तुम्ही पडदा लावून आम्हालाच आमची जबाबदारी शिकवता. लाज वाटली पाहिजे. त्या पोराच्या जोरावर तुम्ही इथवर आलात, आणि तो कुठं आहे हे तुम्हाला सांगता आलं नाही. इथली पोरं पुढच्या भाषणाला वापरू नका.

अर्ज कन्नडातही लिहून घेतलाय, पोस्टानं धाडलाय. पुन्हा संवादाला याल तर बरोबर मराठी माध्यमाचा डी.एड. झालेला एक माणूस आणा आणि जाताना त्याला इथंच सोडून जा. फोटोवाल्याला गाडीतून उतरवूसुद्धा नका.